रिपोर्ट पॉझिटिव्ह, पेशी मात्र नॉर्मल: यातून काय समजायचं?

ओली_भेळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४३, दोन मुलं, पाळी वेळेवर, अंगावरून पांढरं-लाल जाणं वगैरे काहीही नाही. वार्षिक तपासणीत यावेळी पॅपबरोबर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर बघतात ती तपासणी) एचपीव्ही या विषाणूची टेस्ट केली. रिपोर्ट असा: एचपीव्ही १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, 'इतर १२ हाय रिस्क प्रकार' पॉझिटिव्ह. पॅपमध्ये मात्र पेशी नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभराने पुन्हा तपासू, किंवा थांबायचं नसेल तर त्याच सँपलवर पी१६ आणि केआय-६७ नावाची टेस्ट करून घेऊ. विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले.

नवऱ्याने रिपोर्ट वाचला, चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मग विचारलं, "हे आलं कुठून?" मी त्याला तेच विचारणार होते.

मोठ्या जाऊबाईंचं मत तयारच होतं: दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाक आणि मोकळी हो.

मला कळत नाहीये की माझ्याजवळ नक्की काय पॉझिटिव्ह आहे. कॅन्सर नाही म्हणतात. कॅन्सरच्या आधीचं काही आहे का, तर पेशी नॉर्मल. मग ही पुढची टेस्ट नक्की काय बघते? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गुगल करून झालंय, त्याने झोप तेवढी गेली.

काच_पट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर याच काचा बघते. तुमचा रिपोर्ट न बघता उपचार सांगणार नाही, पण प्रश्न चांगला विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्याजवळ विषाणू पॉझिटिव्ह आहे. बस, एवढंच. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले चौदाएक गर्भाशयमुखाच्या दृष्टीने धोक्याचे धरतात, आणि त्यातही १६ आणि १८ हे खरे दांडगे. जगातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे हे दोघेच असतात. म्हणून मशीन त्यांची नावं वेगळी सांगतं आणि बाकीच्या बारांना एका गोणीत भरतं.

विषाणू अंगात येणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप जातो, कळतही नाही. उरलेल्या एखादीत तो टिकतो. टिकलेल्यांतही थोड्याच जणींच्या पेशी बिघडतात, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावली असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर हा काळ बराच कमी होतो.

तेव्हा प्रश्न 'विषाणू आहे का' हा नाही, 'तो तिथे काय करतोय' हा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर भाडेकरू आणि कब्जेदार यातला फरक.

भाडेकरू असताना विषाणू वरच्या थरातल्या पेशींत स्वतःच्या प्रती काढतो. त्या पेशी तशाही गळून पडणाऱ्याच असतात, त्यांच्याबरोबर तोही बाहेर पडतो. काचेवर अशा पेशी दिसतात: केंद्रकाभोवती रिकामी पोकळ जागा, जणू कोणीतरी खोडरबर फिरवलंय. दिसायला भयंकर, वागायला गरीब. यातल्या बहुतेक आपोआप नाहीशा होतात.

कब्जा वेगळा. विषाणूची ई६ आणि ई७ नावाची दोन जनुकं असतात. एरवी ई२ नावाचं जनुक त्यांना दाबून ठेवतं. काही वेळा विषाणूचा डीएनए तुटून आपल्या पेशीच्या डीएनएत घुसतो, त्यात बहुतेकदा हे ई२च मोडतं आणि ई६, ई७ मोकाट सुटतात. म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं. (प्रत्येक वेळी नाव चढावंच लागतं असं नाही, न घुसताही ही दोन जनुकं मोकाट सुटू शकतात. पण कल्पना यावी म्हणून.) ई६ हे पी५३ला संपवतं. पी५३ म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारा वॉचमन. ई७ हे आरबी नावाच्या प्रथिनाला निकामी करतं. आरबी म्हणजे पेशीविभाजनाचा ब्रेक.

ओपीडी सुरू झाली, पुढचं रात्री लिहिते.

शंका_सुर

म्हणजे टेस्ट, मग टेस्टची टेस्ट, मग तिची टेस्ट. लॅबवाल्यांचं बरं चाललंय. हलकेच घ्या.

सोलापुरी_कडक

सातबाऱ्याचं उदाहरण एक नंबर. तलाठी कोण मग यात?

काच_पट्टी

@सोलापुरी_कडक, तलाठीच सांगायला आले आहे. त्याचं नाव पी१६.

ब्रेकचा पट्टा, म्हणजे आरबी, ई७ने काढून नेला. पेशीला कळतं की गाडी आवरत नाहीये. मग ती ब्रेकचं पेडल दाबते, आणखी दाबते, शेवटी त्यावर उभी राहते. ते पेडल म्हणजे पी१६. पट्टाच नसल्याने गाडी काही थांबत नाही, पण पेशीत पी१६चा ढीग साचत जातो. गंमत अशी की मुळात हे कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे. ते जास्त दिसलं की खरं तर बरं वाटायला हवं, इथे नेमकं उलटं.

पण एकट्या पी१६वर विसंबता येत नाही. काही साध्या, म्हाताऱ्या किंवा बदलत्या पेशींतही ते दिसतं, कारण तिथे ब्रेक खरंच लागलेला असतो. म्हणून जोडीला केआय-६७. हा स्पीडोमीटर. पेशी विभाजनाच्या चक्रात असली की तो दिसतो, स्वस्थ बसली की दिसत नाही. (नाव जर्मनीतल्या कील शहरावरून पडलंय, ६७ हा तिथल्या प्रयोगातला नंबर.) यालाही एकट्याला अर्थ नाही, कारण खालच्या थरातल्या निरोगी पेशी विभागतच असतात.

आता खंबाटकी घाट डोळ्यांपुढे आणा. पेडल पूर्ण दाबलेलं, म्हणून गाडी उभी: ठीक. पेडलला पाय नाही, म्हणून गाडी पळतेय: तेही ठीक. पेडल पूर्ण दाबलेलं आणि तरी काटा शंभरावर? ब्रेक गेलेत. निरोगी पेशीत ही दोन्ही प्रथिनं एकाच वेळी असायला नकोत. टेस्टमध्ये पी१६ला तपकिरी आणि केआय-६७ला लाल रंग देतात. तपकिरी पेशीच्या पोटात लाल केंद्रक दिसलं की आम्ही थांबतो. अशी एक पेशी सापडली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. पेशीचा आकार वेडावाकडा आहे की नाही यावर वाद घालायची गरज उरत नाही, आणि पॅपमध्ये आमची निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

@शंका_सुर, हलकेच घेतलं, पण उत्तर देते. एचपीव्ही टेस्टमधून सहसा काही निसटत नाही, पण ती भाडेकरूलाही पकडते. प्रत्येक पॉझिटिव्ह बाईला दुर्बिणीखाली, म्हणजे कॉल्पोस्कोपीला, पाठवलं तर बहुतेकींना काहीच निघणार नाही, नुसत्या बायोप्स्या आणि रडारड. हे दुहेरी रंग म्हणजे मधली चाळणी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तिला मान्यता दिली, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये तिच्याबद्दल मार्गदर्शन काढलं. १६ किंवा १८ असेल तर मात्र चाळणीत वेळ घालवत नाहीत, बहुधा थेट कॉल्पोस्कोपी.

ओली_भेळ

घाटावरून कळलं. पहिल्यांदाच नीट कळलं. खूप आभार.

नवऱ्याच्या प्रश्नाचं काय?

काच_पट्टी

ते कोणत्याही टेस्टला सांगता येत नाही. विषाणू कधी आला, कोणाकडून आला, याची तारीख कुठेच लिहिलेली नसते. तो वर्षानुवर्षं इतका कमी राहू शकतो की टेस्टला सापडत नाही, आणि पुढे कधीतरी वर येतो. लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कोणाचाही असू शकतो. या रिपोर्टवरून घरात कोर्ट भरवू नका. भरवलेली पाहिली आहेत, म्हणून सांगते.

ताकातली_तूर

@ओली_भेळ, अगदी हेच माझ्याकडे झालं होतं. चार महिने आम्ही एकमेकांशी फक्त दूध आणि लाइटबिलाबद्दल बोललो. पुढच्या वर्षी रिपोर्ट निगेटिव्ह आला. विषाणू गेला, बोलणं यायला त्याहून जास्त वेळ लागला.

रान_जाई

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, उपकेंद्रावर. वरची चर्चा वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं. आमच्याकडे पी१६ नाही की केआय नाही. आमच्याकडे व्हिनेगर आहे.

खरंच. तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं. जिथे पेशी बिघडून दाटल्या असतील तिथला भाग पांढरा दिसतो. सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी, पाच वर्षांतून एकदा, हीच तपासणी आहे. कागदावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयोगटातल्या देशभरच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती निघाल्या, माहिती आहे? १.९ टक्के.

बायका येत नाहीत असं म्हणणं सोपं आहे. पडदा नाही, टेबल डुगडुगतं, बाहेर सासू बसलेली. "मला काही होत नाही, मग दाखवू कशाला?" हे वाक्य रोज ऐकते. आणि या बिघाडाची खोडच अशी की त्रास सुरू होतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आणि @ओली_भेळ, तुमच्या जाऊबाईंना माझा निरोप द्या. पिशवी काढायला लावणारे माझ्या भागातही पुष्कळ आहेत, "नाहीतर कॅन्सर होईल" हेच त्यांचं वाक्य. बीडच्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली होती. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय म्हणून, कंबर दुखते म्हणून, भीती घातली म्हणून. त्यातल्या कितीजणींची साधी पॅप तरी आधी केली असेल? नुसता एचपीव्ही पॉझिटिव्ह हे पिशवी काढण्याचं कारण नाही.

काच_पट्टी

+१००. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. विषाणू गर्भाशयमुखापुरता नसतो, योनीमार्गातही असतो. पिशवी गेली म्हणून तो गेला असं होत नाही.

सोलापुरी_कडक

रान_जाई ताई, आता माझी पाळी. मी बार्शीचा. आमच्या गावाने या विषयात जगाला शिकवलंय आणि आमच्याच लोकांना ते माहीत नाही.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे, देशातली पहिली. नोंदणी म्हणजे कोणत्या गावात कोणाला कॅन्सर झाला, कोण गेलं, याची वही. ही वही होती म्हणूनच पुढचं शक्य झालं. १९९९ ते २००३ या काळात तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांना चार गटांत घेतलं. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, एकाची पॅप, एकाची व्हिनेगर तपासणी, आणि चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था असे तिघे मिळून. आयुष्यात फक्त एकदाच तपासणी. २००९ साली निकाल छापून आला: एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. एका टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर. पॅप आणि व्हिनेगर गटांत तसा ठळक फरक दिसला नाही.

माझ्या आत्याचं सासर त्याच जिल्ह्यातलं. ती म्हणायची, जीप यायची, पोरी घरोघरी हिंडून बोलवायच्या, आणि बायका एकमेकींना "तू जा आधी" म्हणून ढकलायच्या.

शंका_सुर

आणि त्या चौथ्या गटातल्या ६४ जणी? त्यांना तपासलं का नाही? तुलना करायला मिळावी म्हणून? यावेळी हलकेच घेऊ नका.

सोलापुरी_कडक

यावर तेव्हाही वाद झाला, अजूनही होतो. बाजू घेणारे म्हणतात, देशात तपासणी मुळात कोणालाच मिळत नव्हती, त्यामुळे त्यांचं काही काढून घेतलं नाही. मला हे पूर्ण पटत नाही. पण वही बघितली नसती तर आज कोणती टेस्ट चालते हेही कळलं नसतं. दोन्ही मनात ठेवून जगतो.

रान_जाई

मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या लोकांनी व्हिनेगर तपासणी दर दोन वर्षांनी केली, साध्या शिकवलेल्या बायकांच्या हातून, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे व्हिनेगर अगदीच फुकट नाही. पुन्हा पुन्हा आणि लक्ष देऊन करायला हवं. माझ्या बोळ्याची बाजू घेतलीच पाहिजे ना कोणीतरी.

मेलबर्नची_मावशी

इथे ऑस्ट्रेलियात पॅप डिसेंबर २०१७ पासून बंदच झाली, दर पाच वर्षांनी एचपीव्ही टेस्ट. आणि जुलै २०२२ पासून कोणीही स्वतः सँपल घेऊ शकतं. कापसाची काडी घेऊन पडद्यामागे जायचं, दोन मिनिटांत परत. टेबल नाही, पाय वर करणं नाही, कोणी बघत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं, आईला हे मिळालं असतं तर तिने नक्की केलं असतं.

रान_जाई, तुमच्या पडद्याच्या अडचणीवर हे उत्तर नाही का?

काच_पट्टी

अर्धं उत्तर आहे. स्वतः घेतलेल्या सँपलमध्ये विषाणू छान सापडतो, पण गर्भाशयमुखाच्या पेशी नीट येत नाहीत. त्यामुळे त्यावर पॅप किंवा पी१६चा रंग चालत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला टेबलावर यावंच लागतं. पण दहाऐवजी एकीलाच यावं लागलं तरी रान_जाईंचं डुगडुगतं टेबल पुरेल.

मशीनबद्दल: गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट टीबीसाठी तालुक्यापर्यंत पोचलंय, त्याच मशीनवर एचपीव्हीची चिपही चालते. यंत्र दारात आहे. चिप, माणूस आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईचा पाठपुरावा, हे तिन्ही एकत्र येत नाही.

अजून एक प्रकार कोणी विचारायच्या आत सांगते: मिथायलेशन. पेशीच्या स्वतःच्या काही जनुकांना रासायनिक कुलपं लागत जातात. बदल जितका जुना आणि मुरलेला, तितकी कुलपं जास्त. त्यामुळे ही टेस्ट कॅन्सरच्या जवळ पोचलेला बिघाड छान ओळखते आणि कालपरवाच्या किरकोळ बदलाला सोडून देते. आणि इथेही डोळ्यांचं काम नाही, आमची भांडणं मिटतील. आपल्याकडे अजून फार कमी ठिकाणी.

तळ_टीप

अवांतर: पेशींवरून आठवलं, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात त्या हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून १९५१ मध्ये बाल्टिमोरला घेतल्या होत्या, त्यांना न विचारता. त्यात एचपीव्ही १८ आहे. हा विषाणू आणि हा कॅन्सर यांचं नातं हाराल्ड त्सुर हाउझन यांनी दाखवलं, त्यासाठी २००८ चं नोबेल.

काच_पट्टी

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. त्या पेशींत आजही ई६ आणि ई७ बंद केली तर त्यांची वाढ थांबते. सत्तर वर्षांनंतरही गाडी त्याच दोघांच्या जोरावर चालू आहे.

दुपार_झोप

माझी मुलगी २३ वर्षांची आहे, तिचीही एचपीव्ही टेस्ट करावी का? आणि लस?

काच_पट्टी

टेस्ट नको. त्या वयात विषाणू येतो आणि जातो, उगीच घाबरून जाईल. आपल्याकडे तिशीपासून. लस अजून घेता येते, पण सगळ्यात चांगली नऊ ते चौदा वयात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर. लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच.

ओली_भेळ

दीड महिन्याने परत आले. ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून चौकशी केली त्यांचे आभार.

दुहेरी रंगाची टेस्ट केली. पॉझिटिव्ह. तपकिरीत लाल. रिपोर्टला फोटो जोडला होता, रंग अगदी काच_पट्टी यांनी सांगितले तसेच. कॉल्पोस्कोपी झाली, व्हिनेगर लावल्यावर नखाएवढा पांढरा भाग दिसला (रान_जाई, तुमची आठवण काढली). तिथला तुकडा काढून बायोप्सी केली, त्यात सीआयएन २, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा मधल्या पायरीचा बिघाड. त्या तुकड्यावरही पी१६ केलं, तेही गडद आलं.

डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या: सीआयएन २ पैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत आपोआप मागे जातात, त्यामुळे लहान वयात, मुलं व्हायची असताना, लक्ष ठेवून थांबतात. माझं वय आणि तो गडद पी१६ बघता तेवढा भाग तारेच्या वळ्याने काढून टाकू म्हणाल्या. भूल फक्त त्या जागेपुरती, पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. पुढच्या मंगळवारी आहे. पिशवी जागेवरच.

नवरा येतोय बरोबर. जाऊबाईंना हा धागा पाठवला. त्यांनी "हं" असं उत्तर दिलं आणि संध्याकाळी फोन करून विचारलं, ही टेस्ट त्यांच्या वयात, ५१ व्या वर्षी, करतात का.

काच_पट्टी

करतात. नक्की करायला सांगा. आणि मंगळवारनंतर काढलेल्या भागाचे काठ स्वच्छ (बिघडलेल्या पेशी नसलेले) निघाले का ते रिपोर्टमध्ये बघा, सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही.

ताकातली_तूर

मंगळवारसाठी शुभेच्छा गं. दोनतीन आठवडे जड उचलू नकोस, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

दुपार_झोप

सँपल द्यायला जाताना काही पथ्य असतं का? मीच जातेय उद्या, मुलीला सोडून.

रान_जाई

पाळी चालू नको. आधीचे दोन दिवस आत औषध, क्रीम काही लावू नका, संबंधही नको. लघवीला जाऊन मग टेबलावर चढा. आणि साडीच नेसा, ड्रेसपेक्षा सोपं पडतं.